‘कर्मणि’ म्हणजे ‘पॅसिव्ह’ नव्हे : गडचिरोली-चंद्रपूरच्या वर्गांतील एका समीकरणाची परीक्षा

मराठी माध्यमाच्या वर्गात इंग्रजी व्याकरणातील ‘व्हॉइस’ हा पाठ सुरू झाला, की फळ्यावर बहुधा दोन समीकरणे प्रथम लिहिली जातात. ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे कर्तरी प्रयोग आणि ‘पॅसिव्ह’ म्हणजे कर्मणि प्रयोग. समीकरणे सुटसुटीत आहेत, विद्यार्थ्यांच्या ध्यानात चटकन राहतात, आणि म्हणूनच त्यांची फारशी तपासणी झालेली नाही. प्रस्तुत लेखात त्यांपैकी दुसऱ्या समीकरणाची परीक्षा करावयाची आहे. ते केवळ अपुरे नसून चुकीचे आहे, आणि ज्या प्रदेशात आपण अध्यापन करतो तेथे त्या चुकीची किंमत इतर ठिकाणांपेक्षा अधिक पडते, असे आमचे म्हणणे आहे.

हा प्रदेश म्हणजे चंद्रपूर जिल्हा आणि त्याच्यातून १९८२ साली वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा होय. येथील वर्गात बसणारा विद्यार्थी घरून मराठी घेऊनच येतो असे गृहीत धरता येत नाही. धानोरा, एटापल्ली, भामरागड या भागांत घरची भाषा गोंडी किंवा माडिया असते. सिरोंच्याकडे तेलुगू ऐकू येते. मुलचेरा-चामोर्शीच्या निर्वासित वसाहतींत बंगाली बोलली जाते. आणि पुष्कळ घरांत मराठी असते तीही झाडीबोलीच्या रूपाने. अशा विद्यार्थ्याला प्रमाण मराठी ही शाळेत भेटलेली दुसरी भाषा आणि इंग्रजी ही तिसरी. दुसऱ्या भाषेच्या परिभाषेतून तिसरी भाषा शिकविताना ती परिभाषाच जर सदोष असेल, तर विद्यार्थी दोन्ही भाषांना मुकतो.

१

‘कर्मणि’ ही संज्ञा आपल्याकडे संस्कृत व्याकरणातून आली. दादोबा पांडुरंग यांच्या १८३६ सालच्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत प्रयोगांची चर्चा कर्तरी, कर्मणि आणि भावे या त्रयीभोवतीच फिरत राहिली आहे. मराठीपुरते पाहता या वर्गीकरणाचा कस एकच आहे : क्रियापद कोणाशी जुळते? कर्त्याशी जुळले तर कर्तरी, कर्माशी जुळले तर कर्मणि, कोणाशीच न जुळता नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर राहिले तर भावे. ‘मुलगा फांदी मोडतो’ यात ‘मोडतो’ हे रूप मुलाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. ‘मुलाने फांदी मोडली’ यात ‘मोडली’ हे फांदीच्या लिंगाप्रमाणे. म्हणून पहिले वाक्य कर्तरी आणि दुसरे कर्मणि.

येथवर काहीच बिघडत नाही. बिघाड होतो तो पुढच्या पायरीवर. इंग्रजीतील ‘व्हॉइस’ हा क्रियापदाच्या जुळणीचा प्रश्न नाहीच. इंग्रजी क्रियापद नेहमी उद्देश्याशीच जुळते, मग ते अ‍ॅक्टिव्ह असो वा पॅसिव्ह. तेथे प्रश्न वेगळा आहे : उद्देश्याच्या जागी कोणाला बसवावयाचे, करणाऱ्याला की ज्याच्यावर क्रिया झाली त्याला? जुळणी ही रूपाची बाब आहे. उद्देश्याची निवड ही रचनेची आणि अर्थाची बाब आहे. या दोन भिन्न बाबींना आपण एकच नाव दिले.

परिणाम काय होतो ते पाहावे. विद्यार्थ्याला ‘मुलाने फांदी मोडली’ हे वाक्य कर्मणि म्हणून शिकविलेले असते. कर्मणि म्हणजे पॅसिव्ह हेही शिकविलेले असते. तेव्हा त्याने या वाक्याचे इंग्रजी ‘द ब्रँच वॉज ब्रोकन बाय द बॉय’ असे केले, तर तो आपल्या गृहीतांशी अगदी प्रामाणिक असतो. शिक्षक मात्र ते लाल शाईने खोडून ‘द बॉय ब्रोक द ब्रँच’ असे लिहितो. चूक विद्यार्थ्याची नसते. ती फळ्यावरच्या समीकरणाची असते.

२

येथे एक आक्षेप संभवतो. ‘मुलाने फांदी मोडली’ ही रचना ऐतिहासिक दृष्ट्या खरोखरीच कर्मणि आहे, मग तिला पॅसिव्ह का म्हणू नये? हा आक्षेप अगदीच निराधार नाही. संस्कृतातील भूतकालवाचक धातुसाधित आणि तृतीयेतील कर्ता यांच्यापासून ही रचना उतरली, याबद्दल दुमत नाही. परंतु भाषेचा वंश आणि तिचा आजचा व्यवहार या दोन गोष्टी आहेत.

आजच्या मराठीत ‘ने’ लागलेला कर्ता सर्व बाबतींत वाक्याचा धनीच असतो. ‘मुलाने झाडावर चढून फांदी मोडली’ या वाक्यात चढणारा मुलगाच. ‘मुलाने आपली कुऱ्हाड उचलली’ यात ‘आपली’ हे पद मुलाकडेच वळते. आणि सर्वांत बोलका पुरावा द्वितीय पुरुषाचा आहे. ‘तू फांदी मोडलीस’ असे आपण म्हणतो. यातील ‘मोडली’ हा भाग फांदीशी जुळतो आणि अखेरचा ‘स’ हा ‘तू’शी. कर्ता क्रियापदात पुन्हा शिरला आहे. मराठी व्याकरणकारांना हे दिसले होते; म्हणूनच त्यांना ‘कर्तृकर्मसंकर’ असे जोडनाव द्यावे लागले. ज्या रचनेत कर्ता हटत नाही, लपत नाही, उलट क्रियापदाला आपली खूण चिकटवितो, ती रचना पॅसिव्ह म्हणता येणार नाही. ती भूतकाळाची साधी, कर्तृप्रधान मराठी रचना आहे. तिचे रूप कर्मणि, वृत्ती मात्र कर्तरी.

आता या चित्रात माडिया किंवा गोंडी बोलणारा विद्यार्थी आणून बसवा. या बोली द्राविडी कुळातील आहेत. त्यांत भूतकाळातील सकर्मक क्रियापदही कर्त्याच्याच पुरुष-वचनांशी जुळते आणि त्या कर्त्याला ‘ने’सारखा प्रत्यय लावावा लागत नाही. अर्थात ‘मुलाने फांदी मोडली’ या आशयाचे त्याचे घरचे वाक्य जुळणीच्या दृष्टीने मराठीपेक्षा इंग्रजीला अधिक जवळचे आहे. त्याच्या घरापासून इंग्रजीकडे जाणारी एक सरळ वाट होती. आपण ती बंद केली, त्याला मराठीच्या ‘ने’वरून फिरवून नेले, आणि शिवाय त्या ‘ने’ला पॅसिव्ह हे नाव देऊन त्याची वाट चुकविली. मराठीच्या अध्यापकांनी हे नम्रपणे मान्य केले पाहिजे, की दरवेळी मराठी हा इंग्रजीकडे नेणारा पूल असतोच असे नाही.

३

मग मराठीत खरा पॅसिव्ह नाही काय? आहे, आणि एकाहून अधिक प्रकारचा आहे. प्राचीन मराठीत तो प्रत्ययानेच साधत असे. संस्कृतातील ‘य’ प्राकृतात ‘इज्ज’ झाला आणि त्यापासून ‘कीजे’, ‘बोलिजे’ यांसारखी रूपे ज्ञानेश्वरीत व महानुभावांच्या गद्यात भरपूर आढळतात. हा प्रत्यय पुढे लोपला. तथापि ‘म्हणजे’ आणि ‘पाहिजे’ हे दोन शब्द त्याचे अवशेष म्हणून आपल्या तोंडी रोज येतात. आपण दिवसातून अनेकदा कर्मणि रूपे उच्चारतो आणि त्यांना कर्मणि म्हणून ओळखत नाही, तर ज्याला ओळखतो ते खऱ्या अर्थाने कर्मणि नाही, अशी ही गंमत आहे.

आजच्या मराठीत या कामासाठी दोन रचना मुख्य आहेत. पहिली ‘जाणे’ या सहायकाची : फांदी मोडली जाते, मोडली जात आहे, मोडली गेली, मोडली जाईल. शालेय व्याकरणे हिला ‘नवीन कर्मणि’ म्हणतात आणि इंग्रजीच्या अनुकरणाचा शिक्का तिच्यावर मारतात. हिंदीतही हीच रचना रुळलेली आहे हे पाहता ती केवळ इंग्रजीची देणगी मानणे कठीण आहे; तिचा प्रसार मात्र कायदा आणि वृत्तपत्रे यांच्या भाषेमुळे वाढला असावा. दुसरी रचना ‘-ण्यात येणे’ ही. ‘याद्वारे कळविण्यात येते की’, ‘अर्ज फेटाळण्यात आला’, ‘परवानगी नाकारण्यात आली’. प्रयोगांच्या शालेय कोष्टकात तिला सहसा जागा मिळत नाही. पण इंग्रजी कार्यालयीन पॅसिव्हचे काम आज मराठीत हीच रचना सर्वाधिक करते. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमानंतर शासनव्यवहाराची जी मराठी घडत गेली, तिचा ती कणा आहे.

इंग्रजी पॅसिव्ह शिकविण्याचा पाया म्हणून ‘जाणे’ची रचना घेतली, तर रूपसिद्धी मुळीच कठीण नाही. मराठीत धातूचे भूतकालीन रूप अधिक ‘जाणे’; इंग्रजीत धातूचे तिसरे रूप अधिक ‘बी’. काळ बदलतो तो दोन्हीकडे सहायकात. ‘जाते-गेली-जाईल’ यांच्या समोर ‘इज-वॉज-विल बी’ मांडले, की निम्मा पाठ संपतो.

या ठिकाणी स्पॅनिश भाषकांशी तुलना उद्बोधक ठरेल. स्पॅनिशमध्ये ‘सेर’ हे सहायक आणि धातुसाधित यांच्या योगाने इंग्रजीसारखाच पॅसिव्ह होतो. म्हणून स्पॅनिश भाषकाला इंग्रजी रूप बनविणे सोपे जाते. त्याची अडचण निराळी असते. त्याच्या रोजच्या बोलण्यात ही रचना थोडी आणि ‘से’ या पदाची कर्तृहीन रचना फार. म्हणजे रूप अवगत असूनही ते केव्हा वापरावयाचे हे त्याला नव्याने शिकावे लागते. आपल्या विद्यार्थ्याचेही तसेच आहे. अडचणीच्या जागाही पुष्कळशा समान आहेत. ‘द गेट वॉज क्लोज्ड’ या एकाच इंग्रजी वाक्यात ‘फाटक लावले गेले’ ही घटना आणि ‘फाटक लावलेले होते’ ही स्थिती असे दोन अर्थ दडलेले आहेत. मराठी हे दोन अर्थ निराळ्या रूपांनी सांगते. स्पॅनिशही ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोन क्रियापदांनी ते वेगळे ठेवते. इंग्रजी मात्र ते संदर्भावर सोपविते. तसेच ‘आय वॉज गिव्हन अ पट्टा’ यासारखे वाक्य दोघांनाही परके वाटते. कारण दोन्ही भाषांत ज्याला दिले तो उद्देश्य होत नाही. मराठीत ‘मला पट्टा दिला गेला’ असेच म्हणावे लागते, आणि तेथे ‘दिला’ हे पट्ट्याशी जुळते, ‘मला’शी नाही.

आणखी एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. इंग्रजीचा ‘बाय’ एकच. मराठीत त्याच्या जागी ‘कडून’, ‘तर्फे’, ‘मार्फत’, ‘हातून’ असे अनेक शब्द येतात आणि प्रत्येकाची जबाबदारीची मात्रा वेगळी. ‘ग्रामसभेतर्फे’ म्हणजे ग्रामसभेच्या नावाने. ‘तहसीलदारांमार्फत’ म्हणजे तहसीलदार केवळ मधला दुवा. ‘माझ्या हातून काच फुटली’ म्हणजे फुटली खरी, पण हेतू नव्हता. या सर्वांचे भाषांतर एकाच ‘बाय’ने करणारा विद्यार्थी व्याकरणात उत्तीर्ण होईल, परंतु अर्थात नापास.

४

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आपल्या परीक्षांतून ‘चेंज द व्हॉइस’ असा प्रश्न विचारला जातो. या प्रश्नामागे असे गृहीत आहे की दोन वाक्यांचा अर्थ एकच, फक्त पदांची अदलाबदल झालेली. हे गृहीत आम्हांला मान्य नाही. ओटो येस्पर्सन यांनी आपल्या १९२४ च्या ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’ या ग्रंथात निरनिराळ्या लेखकांच्या गणनेवरून दाखवून दिले, की पॅसिव्ह वाक्यांपैकी शेकडा सत्तराहून अधिक वाक्यांत करणाऱ्याचा उल्लेखच नसतो. म्हणजे आपण ज्या ‘बाय’युक्त वाक्याला नमुना मानून धडे घालतो, ते प्रत्यक्ष इंग्रजीत अपवादात्मक आहे. पॅसिव्हचे मुख्य कार्य कर्त्याला मागे नेणे हे नसून बहुतेक वेळा त्याला वाक्याबाहेर ठेवणे हे आहे.

हे कार्य किती गंभीर असू शकते याचे उदाहरण आपल्या परिसरातच आहे. उन्हाळ्यात, तेंदूपानांच्या हंगामाच्या आसपास, जंगलात वणवे लागतात. त्या घटनेचे वर्णन मराठीत तीन प्रकारे करता येते. ‘जंगल जळाले.’ ‘जंगल जाळले गेले.’ ‘अमक्याने जंगल जाळले.’ पहिल्या वाक्यात करणारा कोणी नाही. आग लागली आणि जंगल जळाले. तिसऱ्यात करणारा नावानिशी उभा आहे. मधल्या वाक्यात करणारा आहे, पण अदृश्य आहे. कोणीतरी जाळले एवढे ते ठामपणे सांगते आणि कोणी हे सांगत नाही. संशय निर्माण करण्यासाठी याहून सोयीचे वाक्य नाही. आणि जंगलाच्या कडेला राहणारा माणूस त्या रिकाम्या जागेत सहज ओढला जातो. ‘जळणे-जाळणे’, ‘तुटणे-तोडणे’, ‘पडणे-पाडणे’, ‘फुटणे-फोडणे’ अशा जोड्यांनी मराठी हा भेद धातूतच करते. इंग्रजीत ‘बर्न’ हा एकच धातू दोन्ही कामे करतो, म्हणून तेथे ‘द फॉरेस्ट बर्न्ड’ आणि ‘द फॉरेस्ट वॉज बर्न्ड’ यांतील ‘वॉज’वर सारा भार पडतो. तो ‘वॉज’ विद्यार्थ्याने गाळला किंवा उगाच घातला, तर ती केवळ रूपाची चूक राहत नाही. आरोप उभा राहतो किंवा पुसला जातो.

दुसरे उदाहरण कायद्याचे. २००६ सालच्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेत असे मान्य केले आहे, की वसाहतकाळात आणि स्वतंत्र भारतातही राज्याची वने एकवटताना वनवासी जमातींचे पूर्वापार हक्क पुरेसे मान्य केले गेले नाहीत व त्यामुळे ऐतिहासिक अन्याय घडला. कबुली मोठी आहे. परंतु मूळ इंग्रजी वाक्याची घडण पाहावी. त्यात काळ सांगितला आहे, प्रक्रिया सांगितली आहे, परिणाम सांगितला आहे. हक्क कोणी मान्य केले नाहीत हे सांगितलेले नाही. पॅसिव्हने कर्त्याची जागा रिकामी ठेवली आहे. उलट त्याच कायद्याच्या सहाव्या कलमात हक्कांचे स्वरूप व व्याप्ती ठरविण्याची प्रक्रिया सुरू करण्याचा अधिकार कोणाचा हे सांगताना ग्रामसभा हे पद थेट उद्देश्याच्या जागी बसविले आहे. एकाच कायद्यात अन्यायाचा कर्ता अनुक्त आणि अधिकाराचा कर्ता उक्त, अशी ही मांडणी आहे. ती हेतुपुरस्सर होती की नाही हा वेगळा प्रश्न. वाचणाऱ्याला ती दिसली पाहिजे, एवढेच व्याकरणाच्या अध्यापकाचे मागणे असू शकते.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्या गावाची ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्याआधीच सर्वदूर पोचलेली होती. व्याकरणाच्या दृष्टीने ही घोषणा पाहण्यासारखी आहे. तिच्यात क्रियापदही नाही; पण कर्ता आहे, आणि त्याला ‘च’ जोडून तो दोनदा ठसविला जावा तसा ठसविला आहे. ज्या भागात लोकांना येणारे कागद ‘कळविण्यात येते’, ‘नाकारण्यात येते’ या भाषेत येत, तेथून हे वाक्य निघावे यात आम्हांला नुसता योगायोग दिसत नाही.

५

याचा अर्थ पॅसिव्ह ही रचनाच लबाड आहे आणि तिचा त्याग करावा, असा कोणी करू नये. करणारा ठाऊक नसतो तेव्हा, तो सांगण्याइतका महत्त्वाचा नसतो तेव्हा, शास्त्रीय लेखनात कृती हीच मुख्य असते तेव्हा ही रचना अपरिहार्य आहे. प्रस्तुत लेखातही ती अनेक ठिकाणी आली आहे. आमचा रोख रचनेवर नसून, ती निरर्थक अदलाबदल म्हणून शिकविण्याच्या पद्धतीवर आहे. भाषेतील प्रत्येक साधनाप्रमाणे हेही साधन निवडीचे आहे, आणि जेथे निवड आहे तेथे निवडणाऱ्याची जबाबदारीही आहे.

यावरून अध्यापनापुरते तीन बदल सुचवावेसे वाटतात. पहिला, इंग्रजीच्या तासाला ‘कर्मणि’ ही संज्ञा वापरू नये. ती मराठी जुळणीच्या चर्चेसाठी राखून ठेवावी आणि ‘पॅसिव्ह’साठी ‘जाणे’ व ‘-ण्यात येणे’ यांची उदाहरणे द्यावीत. दुसरा, पाठाचा आरंभ ‘बाय’युक्त वाक्याने न करता कर्तृहीन वाक्याने करावा आणि विद्यार्थ्याला प्रथम विचारावे : हे कोणी केले? ते वाक्यात का नाही? तिसरा, उदाहरणे परिसरातून घ्यावीत. ग्रामसभेचा ठराव, वनविभागाची सूचना, वणव्याची बातमी, हक्काच्या दाव्यावरचा निर्णय हे सर्व कागद या दोन जिल्ह्यांतील घराघरांत आहेत. ते वाचता येणे आणि त्यांना उत्तर लिहिता येणे, हीच येथील भाषाशिक्षणाची खरी कसोटी आहे. शिवाय ज्या वर्गात गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली बोलणारी मुले एकत्र बसतात, तेथे ‘हे तुमच्या घरी कसे म्हणतात?’ हा प्रश्न विचारण्यास अध्यापकाने संकोचू नये. त्या उत्तरांतून व्याकरणाचा जो तौलनिक धडा मिळेल, तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेला नाही.

परीक्षेत ‘चेंज द व्हॉइस’ला गुण मिळविणे अवघड नाही, त्यासाठी पदे फिरविता आली की पुरते. परंतु ‘आपला दावा नाकारण्यात आला आहे’ एवढेच लिहिलेला कागद हाती पडल्यावर ‘कोणी नाकारला?’ हा प्रश्न ज्याला सुचतो, त्यालाच पॅसिव्ह समजला असे म्हणता येईल.